नागपूर : आपल्या जुन्या राजधानीची ओळख



दरवर्षी हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातील शाळांच्या सहली नागपूरला जातात. अजब बंगला पाहायचा, महाराजबागेतील प्राणी पाहायचे, सीताबर्डीच्या बाजारात थोडी खरेदी करायची आणि दिवेलागणीला परत यवतमाळची वाट धरायची, असा ठरलेला कार्यक्रम असतो. अशाच एका सहलीत विधानभवनासमोरून जात असताना सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, यातले आपले काय आहे?"

'आपले' म्हणजे यवतमाळचे, की आपल्या मोहल्ल्याचे, हे त्याने सांगितले नाही. कदाचित त्यालाही ते नक्की ठाऊक नसावे. गाडीची वेळ होत आली होती. मी घाईघाईने म्हणालो, "सगळेच आपले आहे बाळ." उत्तर खोटे नव्हते, परंतु ज्याने आयुष्यभर इतिहास शिकवला त्याने पुराव्यावाचून असे उत्तर देणे शोभणारे नव्हते, ही रुखरुख मनाला लागून राहिली. संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह संपादक मंडळाने केला, तेव्हा तो राहून गेलेला पुरावाच सादर करावा असे ठरविले.

यवतमाळची राजधानी

आपला जिल्हा वऱ्हाडातला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. पुढे आपला जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो बराच काळ वणीच्या नावाने ओळखला जात होता. 'यवतमाळ जिल्हा' हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. वऱ्हाडवर देखरेख हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटची असे. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला आणि तेव्हापासून यवतमाळकरांच्या अर्जांचा, अपिलांचा आणि परीक्षांचा रस्ता नागपूरकडे वळला.

राज्यांची पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ रोजी झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि नागपूरचे राजधानीपण गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राजधानी मुंबईतच राहिली. नागपूर उपराजधानी झाले. म्हणजे १९०३ ते १९५६ अशी त्रेपन्न वर्षे आपल्या आजोबा-पणजोबांची राजधानी नागपूर हीच होती. त्या काळी यवतमाळहून धामणगाव गाठायचे आणि तिथे मुंबई-नागपूर रेल्वेत बसायचे, असा तो प्रवास असे.

बारा वाड्यांचे एक शहर

नागपूर शहर वसविणारा राजा कोण, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले "भोसले" असे उत्तर देतात. भोसल्यांनी नागपूरला मोठे वैभव दिले यात शंका नाही. परंतु शहर वसविले ते देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने. राज्याच्या वारसाहक्काच्या झगड्यात मदत मागण्यासाठी तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, तिथे त्याने इस्लाम धर्म स्वीकारला आणि बख्त बुलंद हे नाव त्याला मिळाले. पुढे तो औरंगजेबाशीही लढला, हे ध्यानात ठेवावे. धर्म एक असला म्हणजे राजकारण एक असते असे नाही, हा धडा या एका आयुष्यात मिळतो.

देवगड डोंगरात होते. राज्य वाढवायचे तर सपाट मुलूख, शेती आणि बाजारपेठ हवी, हे या राजाने ओळखले. नाग नदीच्या काठी विखुरलेल्या बारा वाड्या एकत्र करून त्याने नवे शहर वसविले. १७०२ हे नागपूरच्या स्थापनेचे वर्ष मानतात आणि २००२ मध्ये शहराने आपली त्रिशताब्दी साजरी केली. त्याने नाना जातींचे शेतकरी आणि कारागीर आणून वसविले. बख्त बुलंदचे घराणे गोंड, धर्म इस्लाम आणि प्रजा सर्व जातिधर्मांची होती. नागपूरचा पाया हा असा आहे.

त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी देवगडहून नागपुरात आणली, शहराला तट बांधला आणि एक मोठा तलाव करविला. त्या तलावाला जुम्मा तलाव म्हणत. पुढे लोक त्याला शुक्रवारी तलाव म्हणू लागले आणि स्वातंत्र्याच्या काळात त्याचे नाव गांधीसागर झाले. जुम्मा म्हणजेच शुक्रवार, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. तटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून ओळखला जातो. नावे बदलली तरी जुन्या नावाची खूण नव्या नावात कशी राहते, हे पाहायचे असेल तर सहलीच्या गाडीने या तलावाला एक फेरी अवश्य घालावी.

चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर गादीसाठी भांडण झाले. राणीने आपल्या दोन मुलांच्या बाजूने रघूजी भोसल्यांना मदतीला बोलाविले. आपल्या जिल्ह्यातील भाम हे गाव त्या वेळी भोसल्यांचे ठाणे होते, म्हणजे नागपूरच्या भोसले राज्याची वाट यवतमाळच्या मातीतून गेलेली आहे. पुढे सत्ता रघूजींच्या हाती आली. तरी त्यांनी गोंड घराण्यातील बुऱ्हाण शाहला गादीचा मान आणि तनखा देऊन नागपुरातच ठेवले.

सीताबर्डीच्या टेकड्या

नागपूर रेल्वे स्टेशनाजवळ मोठी टेकडी आणि छोटी टेकडी अशा दोन टेकड्या आहेत. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे आप्पासाहेब भोसले आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली. भोसल्यांच्या बाजूने लढणाऱ्यांत अरब शिपायांची पलटण होती आणि छोटी टेकडी त्यांनीच काही काळ जिंकून घेतली होती. शेवटी लढाई इंग्रजांनी जिंकली. तरी त्यानंतर महिनाभर अरबांनी शहराचा तट लढविला. जुम्मा दरवाजावरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवून लावला. मराठा राजासाठी अरब शिपाई लढत होते आणि समोर इंग्रजांच्या फौजेत हिंदी शिपाईच उभे होते. तो काळ असा होता. आजच्या पट्टीने तो मोजता येत नाही.

लढाईनंतर इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले. १८५७ च्या जूनमध्ये टाकळीच्या छावणीतील घोडेस्वारांनी उठावाचा बेत केला. तो फसला आणि काहींना फाशी झाली. किल्ल्यात एक मजार आहे. टिपू सुलतानाचे नातू नवाब कादर अली आणि त्यांचे आठ साथी १८५७ मध्ये येथे फासावर गेले, असे परंपरा सांगते. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने वर्षातील मोजक्या राष्ट्रीय दिवशीच तो लोकांसाठी उघडतो. त्या दिवशी तिथे जाणाऱ्या गर्दीत आपली मुलेही असावीत.

रस्त्यावरून चालण्याचा हक्क

१८६१ मध्ये मध्यप्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. राजधानी म्हटली की सरकारी वास्तू आल्या. सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचे बंगले, सचिवालय आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. शहराचे दोन भाग पडले. एकीकडे महाल, इतवारी, मोमिनपुरा अशी दाट वस्ती आणि दुसरीकडे रुंद रस्त्यांची, झाडांच्या सावलीची साहेबांची वस्ती.

इंडियन नॅशनल काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात १८९१ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९२० मध्ये भरले. १९२० चे अधिवेशन फार मोठे होते. महात्मा गांधी होते, खिलाफत चळवळीचे मौलाना मोहम्मद अली आणि शौकत अली होते. असहकाराच्या ठरावावर येथे शिक्कामोर्तब झाले. नागपूरच्या काँग्रेसनगर या वस्तीच्या नावात त्या मेळाव्याची आठवण आहे. विदेशी कापड आणि सरकारी पदव्या सोडण्याचा संदेश इथून गावोगाव पोहोचला. आपल्या जिल्ह्यात त्याच पिढीतील लोकनायक बापूजी अणे यांनी १९३० मध्ये पुसदजवळ जंगल सत्याग्रह केला.

परंतु विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा प्रसंग १९२३ चा आहे. तिरंगा झेंडा घेऊन निघालेल्या मिरवणुकीला सिव्हिल लाइन्समध्ये जाण्यास सरकारने बंदी केली. १ मे १९२३ पासून रोज स्वयंसेवकांची तुकडी झेंडा घेऊन निघे आणि रोज पोलीस तिला अटक करीत. आरंभी जमनालाल बजाज यांनी नेतृत्व केले. त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल आले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून स्वयंसेवक आले आणि दीड हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. अखेर १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक त्या रस्त्याने गेली.

वाद केवळ एका रस्त्याचा होता, असे कोणी म्हणेल. पण तो रस्ता राजधानीतला होता. राजधानीतील रस्ता कोणाचा, राज्यकर्त्यांचा की लोकांचा, हा प्रश्न होता. आज आपण सिव्हिल लाइन्समधून सहज फिरतो. त्या सहजपणाची किंमत कोणीतरी तुरुंगात बसून दिली आहे.

तालीम आणि न्याय

आपल्या संस्थेसारख्या संस्थेने कधीही विसरू नये असा एक मेळावा नागपुरात १९१० मध्ये भरला होता. सर सय्यद अहमद खान यांनी १८८६ मध्ये अलीगढला मुस्लिम शिक्षण परिषदेची स्थापना केली. ऑल इंडिया मोहम्मडन एज्युकेशनल कॉन्फरन्स या नावाने ती ओळखली जाई. दरवर्षी निराळ्या शहरात अधिवेशन भरवायचे, तिथल्या लोकांना शाळा काढण्यास प्रवृत्त करायचे, अशी तिची रीत होती. १९१० चे अधिवेशन नागपूरला झाले. कुराणशरीफच्या इंग्रजी अनुवादामुळे पुढे जगभर नाव झालेले अब्दुल्ला यूसुफ अली त्याचे अध्यक्ष होते. त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडात मुसलमानांची वस्ती विरळ. शाळा त्याहून विरळ. अशा प्रांताच्या राजधानीत देशभरची विद्वान मंडळी येऊन फक्त शिक्षणाचा विचार करतात, ही लहान गोष्ट नव्हती.

मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये सुरू झाले होते. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ होईपर्यंत नागपूर विद्यापीठाशीच जोडलेली होती. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी जुन्या पदवीधरांच्या घरी भिंतीवर जी पदवी टांगलेली असेल, तिच्यावर नागपूर विद्यापीठाची मोहोर असेल. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मॉरिस कॉलेजातच शिकले आणि १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. आज त्या कॉलेजला त्यांचेच नाव आहे.

त्याच कॉलेजचे दुसरे विद्यार्थी मोहम्मद हिदायतुल्ला. मॉरिस कॉलेजमधून ते केंब्रिजला गेले आणि परत येऊन १९३० पासून नागपुरात वकिली करू लागले. १९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय झाले; त्याची भव्य दगडी इमारत १९४० मध्ये खुली झाली. हिदायतुल्ला १९४६ मध्ये त्या न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. १९६८ मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले. १९६९ मध्ये काही आठवडे त्यांनी हंगामी राष्ट्रपती म्हणून काम पाहिले आणि १९७९ ते १९८४ ते उपराष्ट्रपती होते. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या जमिनीचे अपील ज्या इमारतीत चालते, तिथे न्यायासनावर एकेकाळी ते बसत होते. "यातले आपले काय" असे विचारणाऱ्या त्या मुलाला मी त्या दिवशी निदान ही इमारत दाखवायला हवी होती.

सण, उर्स आणि मेळे

राजधानीतील मेळावे केवळ राजकारणाचे नसतात. पोळा आपल्या जिल्ह्यातील कास्तकाराचा सर्वांत जिव्हाळ्याचा सण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात लाकडी बैल घेऊन मुले तान्हा पोळा साजरा करतात आणि त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत यांची मिरवणूक निघते. रोगराई आणि इडापीडा घेऊन जा, असे म्हणत लोक त्या प्रचंड पुतळ्यांना शहराबाहेर नेऊन जाळतात. सोबत बडगे असतात. महागाई, लाचखोरी, त्या वर्षी लोकांना जे जे छळत असेल त्याचा पुतळा करून त्याची टर उडविली जाते. एकोणिसाव्या शतकापासून हे चालत आले आहे.

मोहरमच्या दिवसांत अंगावर वाघाचे पट्टे रंगवून नाचण्याची चाल या भागात होती आणि नवस फेडण्यासाठी वाघ होणाऱ्यांत हिंदू कुटुंबांतील तरुणही असत. रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा निघते, तेव्हा वाटेत मुस्लिम बांधव तिचे स्वागत करतात.

बाबा ताजुद्दीन यांची कथा पुष्कळांना माहीत आहे. १८६१ मध्ये कामठीला त्यांचा जन्म झाला. लोक ज्यांना वली मानू लागले त्यांना सरकारने १८९२ मध्ये नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. दर्शनाला येणाऱ्यांची तिथेही रीघ लागे. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना तिथून सोडवून आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात सन्मानाने आणले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचे निधन झाले. ताजाबादला त्यांचा दर्गा आहे आणि उर्साला सर्व धर्मांचे लोक येतात. श्रद्धा ज्याची त्याची; परंतु एका भोसले राजाने एका मुस्लिम फकिराला आपल्या घरी ठेवले, ही नागपूरच्या इतिहासातील नोंद आहे आणि ती मुलांना माहीत असलीच पाहिजे.

दसऱ्याच्या दिवशी या शहरात फार मोठी गर्दी लोटते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ मध्ये याच दिवशी येथे झाली; त्याचा विजयादशमीचा कार्यक्रम रेशीमबागेत होतो. कस्तुरचंद डागा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर रावणदहन होते. आणि दीक्षाभूमीवर निळ्या झेंड्यांचा सागर लोटतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच नागपूरचे राजधानीपण संपले. पण दीक्षाभूमीकडे येणारे पाय थांबले नाहीत. आपल्या जिल्ह्यातील खेड्यांतून शिदोरी बांधून निघालेली कुटुंबे तिथून परतताना पिशवीत पुस्तके घेऊन येतात. दीक्षाभूमीच्या मेळ्यात पुस्तकांची प्रचंड विक्री होते. ही गोष्ट आपण शिकण्यासारखी आहे.

अधिवेशन आणि मोर्चे

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला जी आश्वासने दिली, त्यांत वर्षातून एकदा नागपुरात अधिवेशन भरविण्याचे आश्वासन होते. १९६० पासून, मोजकी वर्षे सोडली तर, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरला होते. त्या दिवसांत शिक्षक, अंगणवाडी सेविका, शेतकरी, विद्यार्थी, सगळ्यांचे मोर्चे निघतात. कापसाच्या भावासाठी आपल्या जिल्ह्यातील कास्तकार किती वेळा त्या रस्त्याने चालले असतील, त्याची गणती नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ हा दिवस मात्र काळा ठरला. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर आला होता. गुरे राखणारा हा गरीब समाज मुलाबाळांसह आला होता. मॉरिस कॉलेजजवळ मोर्चा अडविण्यात आला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण प्राणास मुकले. त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक होती. तिथेच त्यांचे स्मारक आहे आणि जवळच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव दिले आहे. ते लोक कोणाविरुद्ध लढायला आले नव्हते. आमचे ऐकून घ्या, एवढेच सांगायला ते राजधानीत आले होते. सहलीची गाडी त्या पुलावरून जाते तेव्हा शिक्षकांनी मुलांना एवढे सांगावे.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

लेख लांबला. शेवटी दोन शब्द सांगतो.

पालक बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांना नागपूरला नेता तेव्हा बाजार आणि दवाखाना यांच्या जोडीला एक तास या वास्तूंसाठी काढा. तुमच्या वडिलांनी तिथे परीक्षा दिली असेल, आजोबा अपिलाच्या तारखेला गेले असतील, आजी उर्साला गेली असेल. ते सारे मुलांना सांगा. घरात जुने दाखले, पावत्या, निमंत्रणपत्रिका असतील तर रद्दीत घालू नका. शाळेच्या ग्रंथालयात आणून द्या. आपल्या समाजाचा इतिहास पुष्कळदा यासाठी हरवतो की आपणच तो जपून ठेवत नाही, आणि मग दुसऱ्यांना दोष देतो.

विद्यार्थी मित्रहो, बारा वाड्या जोडणारा बख्त बुलंद, तट लढविणारे शिपाई, झेंड्यासाठी तुरुंगात गेलेले स्वयंसेवक, १९१० च्या परिषदेसाठी दूरदूरहून आलेले शिक्षणप्रेमी, दीक्षाभूमीवर चालत आलेली माणसे आणि घरी परत न गेलेले गोवारी, या सर्वांनी मिळून ते शहर घडविले. आपला वाटा मागायचा तर अर्ज लिहिता आला पाहिजे, कायदा वाचता आला पाहिजे, आणि दुसऱ्याचा मोर्चा समोरून जात असताना थांबून त्याचे म्हणणे ऐकताही आले पाहिजे. हे तिन्ही शाळेतच शिकायला मिळते.

सातवीतला तो मुलगा आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. ही स्मरणिका त्याच्या हाती पडली, तर त्याने त्याच्या सरांचे उशिरा आलेले उत्तर मान्य करून घ्यावे आणि त्यात काही चुकले असेल तर येऊन दुरुस्त करावे.